जीवाणुभक्षी विषाणू आणि पिचकारीची उपमा

जीवाणुभक्षी विषाणू आपले डीएनए यजमान पेशीत पिचकारीप्रमाणे सोडतो, हे वाक्य पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत इतक्या सहजपणे लिहिले जाते की, ती केवळ एक उपमा आहे याचाच विसर पडावा. या उपमेचा इतिहास पाहण्यासारखा आहे. विषाणू म्हणजे इंजेक्शनची एक सूक्ष्म सुईच असावी, ही कल्पना रॉजर हेरिअट यांनी नोव्हेंबर 1951 मध्ये आल्फ्रेड हर्शी यांना लिहिलेल्या पत्रात मांडली होती. हर्शी आणि मार्था चेस यांचा सुप्रसिद्ध प्रयोग प्रकाशित झाला तो त्यानंतर, 1952 मध्ये. विषाणूतील फॉस्फरस बहुतांशी पेशीत जातो आणि प्रथिनातील गंधक बहुतांशी बाहेर राहते, एवढेच त्या प्रयोगाने दाखविले. डीएनए कोणत्या बलाने आत जाते, हा प्रश्न त्याने सोडविला नाही. किंबहुना तो विचारलाही नाही. प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच उपमेने त्याचे उत्तर देऊन टाकले होते.

पिचकारीला दट्ट्या असतो. टी-4 विषाणूच्या पुच्छावरील वेष्टन आकुंचन पावते हे खरे. परंतु त्या आकुंचनाने आतील नळी जीवाणूच्या बाह्य पटलातून पुढे सरकते, डीएनएला मागून कोणी रेटीत नाही. लॅम्डाच्या पुच्छाला तर आकुंचनाचे अंगच नाही. मग दट्ट्याचे काम कोण करतो?

याचे जे उत्तर पुढे आले, ते निःसंशय भारदस्त होते. 2001 साली डग्लस स्मिथ, कार्लोस बुस्तामान्ते आणि त्यांचे सहकारी यांनी फाय-29 या विषाणूचे डीएनए त्याच्या शीर्षात भरले जात असताना प्रकाशचिमट्याने धरून बल मोजले. सुमारे 6.6 मायक्रोमीटर लांबीचा हा धागा 54 नॅनोमीटर लांब व 42 नॅनोमीटर रुंद अशा पोकळीत कोंबावयाचा असतो. म्हणजे धागा पोकळीच्या लांबीच्या सुमारे 120 पट! धागा स्वभावतः ताठ, शिवाय त्यावरील ऋण प्रभार परस्परांना दूर लोटतात. हा विरोध मोडून काढणारे प्रथिनयंत्र एटीपी खर्च करून सुमारे 57 पिकोन्यूटनपर्यंत जोर लावते, आणि भरणी पूर्ण होताना आतील दाब सुमारे 60 वातावरणांइतका होत असावा, असा अंदाज निघाला. 2003 मध्ये अ‍ॅलेक्स एविलेविच, विल्यम गेल्बार्ट प्रभृतींनी लॅम्डाचा उलट बाजूने विचार केला. परीक्षानळीत ग्राही प्रथिन मिसळताच लॅम्डा आपले डीएनए बाहेर टाकतो. मात्र द्रवाचा तर्षण दाब सुमारे 20 वातावरणांपर्यंत वाढविला, तर ही क्रिया पूर्णपणे थांबते. भरताना साठविलेली ऊर्जा रिकामे होताना वापरली जाते, असा हा सुबक हिशेब आहे.

दाब आहे, याविषयी आता वाद करण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीस आहे. याच प्रयोगातील आकड्यांवरून दिसते की, बाहेरचा दाब अवघी काही वातावरणे असला तरी धाग्याचा लक्षणीय भाग शीर्षातच अडकून राहतो; आणि जीवाणूच्या पेशीत असा दाब असतोच. तेव्हा उरलेला भाग आत कोण नेते, हा प्रश्न दाबाच्या सिद्धान्ताने सुटत नाही, उलट त्यातूनच तो उभा राहतो.

येथे टी-7 ची साक्ष निर्णायक मानावयास हवी. त्याचेही डीएनए शीर्षात घट्ट भरलेले असते. असे असूनही 39,937 जोड्यांपैकी पहिल्या सुमारे 850 तेवढ्या पेशीत शिरतात व काम थांबते. पुढील धागा ओढला जातो तो आरएनए पॉलिमरेझने: प्रथम यजमानाच्या, मागाहून विषाणूच्या स्वतःच्या. पॉलिमरेझ वाचीत वाचीत धागा आत घेते. टी-5 तर आठ टक्के डीएनए आत जाताच थबकतो, आणि त्या तुकड्यावरून प्रथिने तयार झाल्यावाचून पुढे सरकत नाही. गंमत अशी की, हाच टी-5 परीक्षानळीत शुद्ध ग्राही प्रथिन भेटताच सर्व डीएनए ओकून टाकतो. परीक्षानळीतील विषाणूवरून पेशीतील विषाणूविषयी निष्कर्ष काढणाऱ्याने हे उदाहरण नित्य डोळ्यांसमोर ठेवावे. इअन मॉलिन्यू यांनी 2001 साली टी-7 वरील आपल्या लेखाच्या शीर्षकातच सिरिंजला रजा दिली, ती उगीच नव्हे.

टी-7 हा अपवाद, लॅम्डा हा नियम, असे म्हणून सुटका करून घेण्याची सोयही फार काळ राहिली नाही. 2012 मध्ये डेव्हिड व्हॅन व्हॅलेन, रॉब फिलिप्स व सहकारी यांनी लॅम्डाचा एकेक कण प्रत्यक्ष पेशीत डीएनए सोडताना पाहिला. परीक्षानळीत सुमारे दहा सेकंदांत आटोपणाऱ्या कामाला येथे सरासरी पाचएक मिनिटे लागली. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच. निरनिराळ्या लांबीचे डीएनए असलेले लॅम्डा तुलनेस घेतले असता, परीक्षानळीत वेग शीर्षात किती डीएनए उरले यावर ठरतो. पेशीत मात्र तो किती डीएनए आत गेले यावर ठरताना दिसला. केवळ दाबच सूत्रधार असता, तर हिशेब शीर्षाकडून मांडता आला असता. या प्रयोगालाही एक मर्यादा आहे: डीएनए दिसावे म्हणून त्याला रंगद्रव्य बांधलेले होते, आणि त्या रंगाने गती बदलत असल्यास मिनिटांचा आकडा जसाच्या तसा घेता येणार नाही. परंतु वेग कशावर अवलंबून आहे, हा मुद्दा एवढ्याने निकालात निघत नाही.

या साऱ्याचा आपल्या परिभाषेशीही संबंध आहे. ‘अंतःक्षेपण’ म्हटले की कर्तृत्व विषाणूकडे जाते. ‘उत्सर्जन’ म्हटले की दाबाकडे. टी-7 च्या बाबतीत दोन्ही शब्द लटके पडतात, कारण तेथे बहुतेक सर्व श्रम पॉलिमरेझचे आहेत. कोणतीही बाजू न घेणारा ‘प्रवेश’ हा साधा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. वर्गात तो वापरल्यास, कोणाच्या बळावर प्रवेश, असे विद्यार्थी आपण होऊन विचारतील, आणि प्रत्येक विषाणूगणिक त्याचे उत्तर निराळे द्यावे लागेल.