जात्यावर बसलं की… : सुचणं, धरून ठेवणं आणि बहिणाबाई

कागदावरच्या कवितेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. आज ती कागदावर येण्याआधी कुठे राहते, कशी टिकते, याचा विचार करू.

‘जात्यावर बसलं की ओवी आपोआप सुचते’ ही म्हण आपण कामाला हात घालायला बिचकणाऱ्याला धीर द्यायला वापरतो. आमच्या मते तिच्यात काव्यविचारही आहे. ओवी सुचली म्हणून बाई जात्याकडे गेली, असं म्हण सांगत नाही. काम आधी, ओवी नंतर. हल्लीचा सल्ला वेगळा असतो : कल्पना कधीही येईल, वही जवळ ठेवा, मोबाइलमध्ये टिपून घ्या. सल्ला वाईट नाही, पण त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. हात मोकळा आहे आणि अक्षरओळख आहे.

जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहितावाचता येत नव्हतं, आणि शेतीच्या, घरच्या कामात हात कायम गुंतलेले. मग सुचलेलं त्यांनी धरून ठेवलं कसं? ‘निरक्षर असूनही केवढी प्रतिभा!’ असं म्हणून आपण मोकळे होतो. या ‘असूनही’वर आमचा आक्षेप आहे. त्या एका शब्दानं त्यांची सगळी कारागिरी चमत्कारात जमा होते.

त्यांच्या गाण्यांचे विषय पाहा. पेरणी, कापणी, मोट, सुगरणीचा खोपा, आणि घरोट, म्हणजे जातं. या वस्तू रोज समोर येणाऱ्या. आज सुचलेली ओळ उद्या त्याच जात्याशी बसल्यावर पुन्हा हाताशी येणार. आठवण डोक्यात होती तशी कामातही होती. आता रचना पाहा. अनेक गाण्यांत आरंभीच एखाद्या शब्दाला दोनदा हाक मारलेली असते. त्यामुळे लय बसते आणि पुढची ओळ जुळवायला क्षणभर सवड मिळते. ओळी आखूड, यमक घट्ट, शब्द रोजच्या लेवा गणबोलीतले. अशा ओळीतला एक शब्द निसटला तर कानाला लगेच खटकतं. आपण ज्याला ‘साधेपणा’ म्हणतो, तो इथे साठवणुकीचा मार्ग आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण नवा भाबडेपणा करू. रचना कितीही पक्की असली तरी ऐकणारा लागतो. बहिणाबाईंचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. त्यानं आणि नात्यातल्या माणसांनी काही गाणी उतरवून घेतली. बहिणाबाईंच्या निधनानंतर ती आचार्य अत्र्यांच्या नजरेला आली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून झाली. ज्या घरात कवी मुलगा नव्हता, तिथल्या गाण्यांचं काय झालं?

या प्रश्नाचं थोडं उत्तर हेमा राइरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या कामात मिळतं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच ऐकता येतात. आम्हाला त्यात सर्वांत मोलाची वाटते ती ओवीसोबतची नोंद : गाणारीचं नाव, तिचं गाव. जुन्या अनेक संग्रहांत अशा ओव्यांखाली नाव नसे. ‘लोकगीत’ म्हटलं की कुणा एकीला सुचलं होतं, हे विसरायला आपण मोकळे.

गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. त्याबद्दल हळहळ नको. पहाटे उठून दळणाऱ्या बाईला ओवीपेक्षा झोप हवी असणारच. पण त्या कामाबरोबर आठवण्याची जागाही गेली, हे खरं.

मग आपल्यासाठी यात काय आहे? मोबाइलमध्ये टिपणं साठतात आणि पडून राहतात, कारण त्यांच्याकडे परत जाण्याची वेळ ठरलेली नसते. सुचलेलं रोजच्या एखाद्या कामाला बांधा. भाजी निवडताना, गाडीची वाट पाहताना तीच ओळ पुन्हा म्हणा, बदला, कुणाला तरी ऐकवा. टिकली तर लिहा.

आणि घरात आजी, आत्या, मावशी काम करता करता काही गुणगुणत असतील तर त्यांना विचारा. त्यांची हरकत नसेल तर रेकॉर्ड करून घ्या. फाइलला तारीख आपोआप लागते, नाव लागत नाही. ते तेवढं आपण लिहायचं.