ल्हासात शिरलेली भिकारीण

आडवाटेच्या प्रवासाचं पुस्तक हाती आलं, की मी फोटो चाळत नाही. लिहिणाऱ्याला पकडलं जाण्याची, परत फिरावं लागण्याची धास्ती होती का, ते बघते. अलेक्झांड्रा डेव्हिड-नीलच्या ‘माय जर्नी टू ल्हासा’त (१९२७) ती पानोपानी आहे. परक्यांना बंदी असलेल्या ल्हासात १९२४ साली ही ५५ वर्षांची बाई भिकारी यात्रेकरू बनून शिरली! केसांना शाई, तोंडाला कोळशाची पूड, सोबत मुलगा म्हणून तरुण लामा योंगदेन. बर्फापेक्षा भीती गावकऱ्यांच्या नजरेची. हातांचा रंग उतरला तर? थोडी फुशारकी आहे, ती मी चालवून घेते. पण गावोगाव शकुन सांगणाऱ्या योंगदेनचं मन पुस्तकात फारसं उघडत नाही, ते मात्र खटकतं.