चिठ्ठीचे मोल आणि संग्राहकाचा निकष

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी छावण्यांतील मेस-क्लबांनी पाच, दहा, पंचवीस सेंटांची कागदी कुपने छापली होती. क्लबच्या दारापलीकडे त्यांना किंमत नव्हती. संग्राहक त्यांना ‘चिट’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीने आपल्याकडच्या ‘चिठ्ठी’वरूनच घेतला. क्लब केव्हाच बंद झाले. त्यांची नावे उरली ती संग्राहकांच्या सूचींमुळे, आणि हे ऋण मान्य करायलाच हवे.

आक्षेप आहे तो मोल ठरवण्याच्या निकषावर. घडी न पडलेला, कोरा कागद पहिल्या प्रतीचा. दुमडलेला, डागाळलेला खालच्या प्रतीचा. नोटांच्या बाजारातला हा निकष चिठ्ठ्यांना जसाच्या तसा लावला गेला. पण कोरी चिठ्ठी म्हणजे कपाटात पडून राहिलेला साठा. ती छापखान्याविषयी सांगेल, क्लबविषयी फारसे नाही. मागचा शिक्का, कोणाची तरी सही, बोटांचा मळ यांतूनच तिचा व्यवहार वाचता येतो.

हा व्यवहार निरुपद्रवी नव्हता. चिठ्ठी विकत घ्यायची ती डॉलरने नव्हे, तर लष्करी चलनाने. सैनिकांचे डॉलर काळ्या बाजारात जाऊ नयेत म्हणून अमेरिकेने १९४६ मध्ये हे वेगळे चलन सुरू केले. व्हिएतनाममध्ये ते ३१ ऑगस्ट १९६५ रोजी आले. स्थानिकांना ते बाळगण्याची मुभा नव्हती, तरी ते बाजारात फिरतच राहिले. म्हणून २१ ऑक्टोबर १९६८, ११ ऑगस्ट १९६९ आणि ७ ऑक्टोबर १९७० या दिवशी छावण्यांची दारे बंद करून जुनी मालिका रद्द करण्यात आली. सैनिकाला नव्या नोटा मिळाल्या. बाहेरच्या दुकानदाराच्या हाती रद्दी उरली. सूचींमध्ये मात्र या तारखा केवळ मालिका ओळखण्याच्या खुणा म्हणून येतात.

क्लबांचा हिशेबही स्वच्छ नव्हता. १९६९ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने त्यांतील गैरव्यवहारांची सुनावणी सुरू केली आणि लष्कराचे पहिले सार्जंट मेजर विल्यम वूल्ड्रिज यांच्यापर्यंत आरोप पोचले. अशा ठिकाणचा कागद म्हणजे हिशेबाचा पुरावा. तो धुऊन, दाबून ‘सुधारणारा’ विक्रेता पुरावाच पुसतो.

म्हणून सूचीत दर्जाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेत: चिठ्ठी कुठे मिळाली आणि तिच्यावर कोणत्या खुणा आहेत. तेवढ्याने संग्रहाची किंमत कदाचित वाढणार नाही. उपयोग नक्की वाढेल.