वेदना म्हणजे कच्चा माल नव्हे

दलित साहित्याविषयी बोलताना 'वेदना' हा शब्द आपण इतका वापरला आहे की, तो आता झिजून गुळगुळीत झाला आहे. वेदना, नकार, विद्रोह ही त्रयी विद्यार्थी परीक्षेत पाठ लिहून येतात आणि मीही ती वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. मध्यंतरी एका चर्चासत्रात एका अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले की, दलित लेखकाजवळ वेदना विपुल आहे. परंतु वेदना हा केवळ कच्चा माल होय, त्यावर विचाराचा आणि कलेचा संस्कार व्हावा लागतो. सभागृहात माना डोलल्या. आपल्यातल्याही काहींच्या डोलल्या. त्या विधानात एक गृहीत दडलेले आहे. वेदना शरीराची, विचार मनाचा. वेदना आधी आणि अर्थ नंतर. हे गृहीतच तपासून पाहावे, असे मला वाटते.

त्यापूर्वी एक अनुभव सांगणे भाग आहे. मी नववीत असताना माझी माय उसाच्या फडात होती. कोयता निसटून तिच्या नडगीला हाडापर्यंत लागला. दवाखान्यात टाके घालताना तिला सुन्न करण्याचे इंजेक्शन दिले गेले नाही. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "या लोकांना सवय असते." माय ओरडली नाही. तिने माझा दंड धरून ठेवला होता. तिच्या नखांचे वळ दोन दिवस राहिले. रात्री कोपीत मी तिला विचारले, "माय, तू वरडली का न्हाईस?" ती म्हणाली, "वरडले असते तर म्हनले असते, नाटकं करती. गप बसले तर म्हनले, सवय हाय. दोन्हीकडून त्यांचंच खरं."

वेदनेची समीक्षा कोणाच्या हाती असते, हे मला त्या रात्री कळले.

सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने वेदनेचे एक चित्र मांडले. पायाला विस्तव लागतो, दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. या चित्रात शरीर म्हणजे दोरी आणि मन म्हणजे घंटा ऐकणारा धनी. जखम जेवढी मोठी तेवढा आवाज मोठा. 'कच्चा माल' म्हणणारे समीक्षक आजही याच चित्रात वावरतात.

हे चित्र अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने गंभीर जखमी सैनिकांना विचारले, वेदनाशामक हवे काय? सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी नको म्हटले. त्याने ही निरीक्षणे 1946 साली प्रसिद्ध केली. पुढे त्याने त्यांची तुलना नागरी रुग्णालयातील रुग्णांशी केली, तेव्हा शस्त्रक्रियेची जखम त्या मानाने लहान असूनही बहुसंख्य रुग्णांनी औषध मागितले होते. सैनिकाला जखम म्हणजे मरणातून सुटका आणि घरी जाण्याचा परवाना होता, असा अर्थ बीचरने लावला. म्हणजे जखमेचा अर्थ वेदनेवर नंतर चिकटवला जात नाही. तो वेदनेच्या घडणीतच असतो.

आता हाच नियम माझ्या मायच्या नडगीला लावून पाहा. तिच्या जखमेचा अर्थ सुटका असा नव्हता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एक पडला की कोयता मोडतो आणि खाडा अंगावर बसतो. टाके पडत असताना तिच्या शरीरात हा सगळा हिशेब चालू होता. चौथ्या दिवशी ती मोळ्या वाहू लागली. तिची वेदना नुसत्या चामडीची म्हणता येईल काय? तीत अर्थशास्त्र होते आणि समाजशास्त्रही होते.

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली जो सिद्धान्त मांडला, त्याने देकार्तची दोरी तुटली. मज्जारज्जूत जणू एक दार असते. जखमेकडून येणारे संदेश तेथे अडतात किंवा वाढतात. ते दार किती उघडावे हे खालून येणारे इतर स्पर्शसंदेश ठरवतात, तसेच वरून मेंदूही ठरवतो. भय, लक्ष, स्मृती, अपेक्षा यांचा त्यात वाटा असतो. या सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. परंतु वेदना मेंदू आणि शरीर मिळून घडवतात, हा त्याचा गाभा टिकून आहे.

आणि ती 'सवय'? क्लिफर्ड वुल्फ याने 1983 साली दाखवून दिले की, जखमेकडून जोरदार संदेश येत राहिले तर मज्जारज्जूतील पेशी बोथट होण्याऐवजी अधिक हळव्या होऊ शकतात. मग साधा स्पर्शही दुखतो. माझी माय आजही थंडीच्या दिवसांत नडगीला लुगड्याचा काठ लागला तरी पाय ओढून घेते. ज्याला ते सवय म्हणाले, तिचा जाब तिचे शरीर अजून देत आहे.

'यांना दुखत नाही' हा दावा जुना आहे आणि तो नेहमी वरून खाली केला जातो. 1840च्या दशकात अमेरिकेतील अलाबामात मॅरियन सिम्स या शल्यवैद्याने अनार्का, बेट्सी, लूसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुनःपुन्हा शस्त्रक्रिया केल्या. 2016 साली व्हर्जिनिया विद्यापीठातील एका अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी निम्म्यांच्या आसपास जणांनी काळ्यांच्या शरीराविषयी निदान एक तरी खोटी समजूत खरी मानली. काळ्यांची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. अशा समजुती बाळगणाऱ्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी आकली. तान्ह्या बाळांचीही हीच गत होती. त्यांना वेदना नीट जाणवत नाही असे समजून 1980च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अपुऱ्या भुलीवर त्यांच्या शस्त्रक्रिया होत. ज्याला बोलू दिले जात नाही किंवा बोलता येत नाही, त्याला दुखतच नाही असे ठरवणे सोयीचे असते.

येथे आपल्याच परंपरेतील एका विचाराकडे वळले पाहिजे. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत 'वेदना' म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेले असे कोणतेही संवेदन. पंचस्कंधांत ती रूपाच्या शेजारी आहे आणि प्रतीत्यसमुत्पादात ती 'फस्स' म्हणजे स्पर्शातून उपजते. इंद्रिय, विषय आणि विज्ञान म्हणजे जाणीव, या तिघांचा मेळ तो स्पर्श. शरीर आणि मन यांची फाळणी या मांडणीत बसत नाही. ज्या समाजाने आपला स्पर्शच नाकारला, त्याने आपली वेदनाही नाकारावी, यात मग आश्चर्य ते कोणते?

परंतु येथे एक धोका आहे व तो दृष्टीआड करता येणार नाही. वेदना मनही घडवते असे म्हटले की लगेच कोणी म्हणेल, मग मन बदला, वेदना जाईल. सल्लसुत्तात बुद्धाने दोन बाणांचा दाखला दिला आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा शोकाचा बाण मनाला लागतो. ज्ञानी माणसाला पहिलाच लागतो. हा दाखला आज ताणतणावाच्या शिबिरांत स्वस्त झाला आहे. पहिला बाण कोणी मारला हे तेथे कोणी विचारत नाही. डॉ. आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीत होती काय, असा रोखठोक प्रश्न केला, कारण जगणे म्हणजेच दुःख म्हटले की माणसाला आशा उरत नाही. माणसाने माणसाला दिलेले दुःख त्यांनी धम्माच्या केंद्रस्थानी आणले. मन सावरणे आवश्यकच आहे; परंतु मन सावरून बाण मारणाऱ्याचा हात मोकळा राहत असेल, तर ते सावरणे त्याच्याच उपयोगी पडते.

या दृष्टीने बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा पुन्हा वाचावी. या नावाचा संग्रह 1963 साली आला. जात उघड होताच नायकाला बेदम मार बसतो. देकार्तच्या हिशेबाने त्याला मारणारे समोर उभे आहेत. पण तो या माराचा कर्ता मनूला ठरवतो. मार खाऊन नंतर सावकाश चिंतन केले आणि मग हा निष्कर्ष काढला, असे तेथे घडत नाही. त्याला माराची जाणीवच तशी होते. त्याच्या शरीराने इतिहास ओळखला आहे. याला कच्चा माल म्हणणाऱ्याने आपली वाचनपद्धती तपासावी.

तोच निकष आपण स्वतःलाही लावला पाहिजे. माझ्या वर्गातील मुले कविता आणून देतात. त्यांत वेदना हा शब्द पाच वेळा असतो, पण जखम एकदाही दिसत नाही. कोणाचा हात, कोणता फड, किती उचल, गप्प का बसावे लागले, यांपैकी काहीच नसते. अशा लेखनाला आपण केवळ आपले म्हणून दाद देतो आणि 'सवय असते' म्हणणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत देतो. वेदनेचा नुसता उच्चार पुरेसा नाही. तिच्यातले ज्ञान लेखनात उतरले पाहिजे.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली आपली व्याख्या सुधारताना नमूद केले की, माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे आणि त्याला सांगता येत नसले म्हणून वेदना नाही असे ठरत नाही. वैद्यकाला येथवर यायला फार काळ लागला. मराठी समीक्षेने निदान आता तरी यावे. सांगणाऱ्याचे आधी ऐकावे. त्याने काय ओळखले आहे ते समजून घ्यावे. घाट, शैली, संयम यांची चर्चा त्यानंतर अवश्य करावी; तिला आम्ही कधीच भ्यालो नाही. मात्र टाके घालण्यापूर्वी एवढे विचारावे की, दुखते का?