डेबियनमधील सदोष पॅकेजचे निर्मूलन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकप्रणालीचे मूल्यमापन करताना स्थापनेच्या सुलभतेचा विचार प्राधान्याने होतो. परंतु बिघडलेले सॉफ्टवेअर निर्दोषपणे काढून टाकता येते काय, हा निकषही तितकाच महत्त्वाचा होय. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स वितरणातील 'डीपीकेजी' ही पॅकेज-व्यवस्था या निकषावर तपासून पाहणे उद्बोधक ठरते.

रचनेचे स्वरूप

पॅकेज म्हणजे केवळ फायलींचा संच नव्हे. स्थापनेपूर्वी व स्थापनेनंतर, तसेच काढण्यापूर्वी व काढल्यानंतर चालवावयाच्या स्क्रिप्टही त्यासोबत येऊ शकतात. प्रत्येक पॅकेजची अवस्था 'स्टेटस' नावाच्या साध्या मजकूर-फायलीत नोंदली जाते. 'रिमूव्ह' या आज्ञेने कॉन्फिगरेशनच्या फायली राखल्या जातात, तर 'पर्ज'ने त्याही नष्ट होतात. वापरकर्त्याने केलेले बदल त्याच्या स्पष्ट इच्छेविना पुसले जाऊ नयेत, ही या भेदामागील दृष्टी निश्चितच विवेकी आहे.

मर्यादा

काढण्यापूर्वीची स्क्रिप्ट अयशस्वी ठरल्यास डीपीकेजी निर्मूलन थांबविते. म्हणजेच सदोष पॅकेज घालविण्यासाठी त्याच पॅकेजच्या स्क्रिप्टचे सहकार्य लागते. अद्ययावतीकरणात ही अडचण ओळखली गेली आहे. तेथे जुन्या आवृत्तीची स्क्रिप्ट कोलमडल्यास नव्या आवृत्तीच्या स्क्रिप्टला परिस्थिती सावरण्याची संधी मिळते. निर्मूलनात मात्र नवी आवृत्तीच नसल्याने असा आधार उरत नाही.

स्थापना अर्धवट राहिलेल्या पॅकेजवर 'पुनर्स्थापना आवश्यक' अशी खूण होते व ते काढण्यापूर्वी पुन्हा स्थापन करावे, असे सुचविले जाते. ही खूण डावलून सक्तीने काढण्याचा पर्याय आहे. परंतु त्यामुळे पॅकेजचे काही भाग मागे राहतील आणि डीपीकेजीला त्यांचे विस्मरण होईल, असा इशारा तिच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे. स्क्रिप्टमध्ये फेरफार करून ती यशस्वी झाल्याचे भासविण्याचा मार्गही अनेकजण अवलंबितात. त्याने अडथळा दूर होतो. मात्र स्क्रिप्टने करावयाची आवराआवर राहून जाते.

तथापि, डीपीकेजीचा नकार हाच दोष मानणे अन्यायाचे ठरेल. डेटाबेसची सेवा थांबविता आली नाही आणि तरीही तिच्या फायली काढल्या गेल्या, तर हानी अधिक होईल. खरी उणीव आहे ती नकार आणि सक्ती यांच्यामधील पायऱ्यांच्या अभावाची. स्क्रिप्टचे कोणते काम अडले व ते वगळल्यास काय मागे उरेल, हे डीपीकेजी सांगू शकत नाही. तिला केवळ स्क्रिप्टचे यश वा अपयश कळते.

समारोप

सारांश, दुरुस्त आवृत्ती उपलब्ध असल्यास प्रथम ती स्थापन करून मग पॅकेज काढणे हाच श्रेयस्कर क्रम होय. सक्तीचा अवलंब अखेरीस, तोही स्क्रिप्ट वाचून व मागे उरणाऱ्या फायलींची नोंद ठेवून करावा. अध्यापनातही आज्ञांच्या पाठांतरापेक्षा पॅकेजच्या अवस्थेचे आकलन करून देण्यावर भर असावयास हवा. कारण सक्तीची आज्ञा देणे सोपे असते, तिच्या परिणामांचे उत्तरदायित्व मात्र आज्ञा देणाऱ्यावरच राहते.