श्रोत्याला काय सांगू नये

नभोनाट्य लिहिणाऱ्याला पहिली धास्ती असते ती श्रोत्याला दिसत नसल्याची. मग पात्रे डोळ्यांसमोरच्या गोष्टी बोलून दाखवू लागतात : ‘अगं, तुझ्या हातात हा लाल लिफाफा कसला?’ लिफाफा लाल आहे हे त्या बाईला ठाऊकच असते. वाक्य आपल्यासाठी पेरले आहे, हे श्रोताही ओळखतो.

सॅम्युएल बेकेटचे ‘ऑल दॅट फॉल’ बीबीसीवरून जानेवारी १९५७मध्ये प्रसारित झाले. ते मराठीत आणताना या धास्तीचे उत्तर मला सापडले. वृद्ध मॅडी रूनी आंधळ्या नवऱ्याला आणायला स्टेशनवर जाते. तिथे इतरांचे बोलणे चालू असताना ती बराच वेळ गप्प राहते आणि मग, गप्प असले तरी मी इथेच आहे, असे बजावते. रेडिओवर हे अक्षरशः खरे आहे. न बोलणारे पात्र श्रोत्यापुरते नाहीसे होते. माध्यमाची अडचण बेकेटने मॅडीचे दुःख केली आहे.

गाडी उशिरा येते. का, ते नवरा सांगत नाही. शेवटी एक पोरगा त्याची राहिलेली वस्तू आणून देतो. ती चेंडूसारखी आहे, पण चेंडू नव्हे. मग कळते की गाडीखाली एक लहान मूल गेले. त्यात नवऱ्याचा हात होता का? नाटक सांगत नाही. ती वस्तू रंगमंचावर दिसली, तर हा संशय पातळ होईल.

इथे मराठी व्याकरण मदतीला आले. हिंदीत ‘बच्चा’ की ‘बच्ची’ हे ठरवावे लागते; मराठीत ‘मूल पडलं’ एवढ्यावर भागते. चेंडूसारखे ‘काहीतरी’ही नपुंसकलिंगातच झाकलेले राहते. अडले ते संबोधनाशी. मॅडीने ‘अहो’ म्हटले की नाते एका शब्दात कळते, पण तिच्या बोलण्यात नसलेली अदब त्याबरोबर येते आणि तिची सलगी, चिडचिड बोथट होते. म्हणून मी ‘डॅन’ आणि ‘तू’ ठेवले. नाते कळायला श्रोत्याला क्षणभर थांबावे लागले, तरी चालेल.

कुठलीही नभोनाट्याची संहिता वाचताना मी आता प्रत्येक वाक्याला विचारते : हे समोरच्या पात्राला सांगितले आहे, की मला? मला असेल, तर ते खोडावे.