पाय असलेला पडदा

'घाशीराम कोतवाल'चा पडदा चालत येतो. धोतर-उपरण्यातली दहा-बारा माणसं एका ओळीत उभी राहतात, गाऊ लागतात, डोलू लागतात. गणपती नाचतो, सरस्वती आणि लक्ष्मी येतात, आणि प्रेक्षागृहातली पहिली टाळी साहजिकच गणपतीला मिळते. तिथेच माझी एक विनंती असते, शेजारी कोणी नवखा बसला असेल तर त्याच्या कानात सांगतोही : देवाकडे बघून झालं की त्या ओळीकडे बघा. पुढचे दोन तास नजर तिथून हलवू नका. या नाटकात नाना आहे, घाशीराम आहे, सूत्रधार आहे, पण सगळ्यांत मोठी भूमिका त्या ओळीची आहे.

पहिला प्रयोग झाला १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए. मंडळी हौशी. दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने लहान मुलांचे डॉक्टर, वय तीस. पेशवाईतला मुरलेला, उतारवयाकडे झुकलेला नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे पंचवीस वर्षांचे. दिग्दर्शनाला हातभार लावणारे सतीश आळेकर त्याहून लहान. लेखक विजय तेंडुलकर तेवढे चव्वेचाळीस वर्षांचे, मुरलेले. हे आकडे मी मुद्दाम सांगतो आहे. आज या नाटकाचं नाव घेताना आवाज आपोआप खाली येतो, अभिजात वगैरे शब्द जिभेवर येतात. ते उभं केलं होतं मात्र संध्याकाळी कामावरून सुटून तालमीला येणाऱ्या पोरांनी.

आधी तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'गिधाडे', आणि त्याच १९७२ सालचा 'सखाराम बाइंडर' : ही सगळी चार भिंतींतली नाटकं. सखारामच्या घरातल्या भिंतींना तर ओल आहे, वास आहे. हाच लेखक इथे भिंती काढून टाकतो आणि त्यांच्या जागी माणसं उभी करतो. युक्ती कोकणातल्या खेळ्यांची, दशावताराची, हे आता सर्वांना माहीत आहे. तिथे ओळ ही गाणाऱ्यांची सोय असते. तेंडुलकरांनी त्या सोयीतून अर्थ काढला. ओळीने तोंड प्रेक्षकांकडे केलं की ते पुण्याचे ब्राह्मण, म्हणजे समाज. पाठ फिरवली की भिंत. मध्ये फट पडली की दार, ती फट मिटली की बंद दार. व्याकरण एवढंच, दोन मिनिटांत प्रेक्षकाला पाठ होणारं. आणि मग एखाद्या प्रवेशात लक्षात येतं की जी माणसं आत्ता सगळं बघत होती, तीच पाठ फिरवून उभी आहेत, आणि त्यांच्या पाठीमागे जे चाललंय ते त्यांना ठाऊक आहे. भिंतींना कान असतात ही म्हण आपण उगाच वापरतो. इथल्या भिंतीला कान आहेत, जानवं आहे, पोट आहे, आणि तरीही ती भिंत व्हायला तयार आहे. यावर नाटकात एक शब्दही भाष्य नाही. पाठ फिरवण्याची ती एक हालचाल पुरे होते.

जब्बार पटेलांची समज इथे दिसते. रंगमंच त्यांनी जवळजवळ रिकामा ठेवला. पेशवाई म्हटल्यावर झुंबरं, लोड-तक्के, कमानी मांडायचा मोह कोणालाही झाला असता. पण एक खरी भिंत उभी केली असती तर माणसांची भिंत खोटी पडली असती. मोकळ्या जागेत मात्र ती कलावंतिणींची बावनखणी होते, दक्षिणा वाटली जाते तो पर्वतीचा रमणा होते, नानाचा वाडा होते, अंधारातली आळी होते. प्रवेश बदलायला लागतं किती? एक गिरकी. दिवे मालवा, सामान हलवा, प्रेक्षकांना खोकायला वेळ द्या, हे काहीच नाही. त्यामुळे नाटकाला जी धाव मिळते ती कोणत्याही संवादाने मिळाली नसती.

ओळीला चाल दिली कृष्णदेव मुळगुंदांनी. नृत्यदिग्दर्शन या शब्दाने इथे थोडी दिशाभूल होते, कारण बराच वेळ ही माणसं आपण ज्याला नाच म्हणतो तसं नाचतच नाहीत. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर, मान किंचित तिरकी, की लगेच परत. डोलणं, नुसतं डोलणं. पण ओळ एका अंगाने डोलते आणि प्रत्येक अंग वेगळं दिसतं, ही खरी हातोटी. एक सुटलेल्या पोटाचा, एक काटकुळा, एक जरा उशिराने वळणारा. कवायतीसारखी साफ ओळ बसवली असती तर ती पलटण दिसली असती. इथे ती पंगत दिसते. दक्षिणेवर डोळा ठेवून बसलेली, शेजाऱ्याच्या पानाकडे चोरून बघणारी पंगत. हौशी नटांचं अवघडलेपण झाकण्याऐवजी मुळगुंदांनी ते वापरून घेतलं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

आता संगीत. इथे थांबायलाच हवं. भास्कर चंदावरकर हे सतारिये, रविशंकरांकडे शिकलेले. आपली बुद्धिमत्ता मिरवायची झाली असती तर जागा पुष्कळ होत्या. त्यांनी हात घातला तो मात्र कीर्तन, अभंग, लावणी, ओवी असल्या गावातल्या पेटाऱ्यात. सुरुवातीचा तो प्रवेश आठवा : रात्र झाली आहे, ब्राह्मण लगबगीने निघाले आहेत, सूत्रधार त्यांना हटकतो. तोंडाने नाव देवाधर्माचं, पाय वळलेत बावनखणीकडे. हे शब्दांत सांगितलं तर नुसता विनोद होतो. चंदावरकरांनी ते ठेक्यात सांगितलं. भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि आपल्या कितीतरी लावण्याही आठ मात्रांतच चालतात. घर एकच, दारं दोन. मृदंग बाजूला होतो, ढोलकी पुढे येते, देवाचं नाव चालूच राहतं आणि बघता बघता त्या नावाखाली लावणीची कंबर हलू लागते. सांधा कुठे पडला ते कानाला कळत नाही. कीर्तन आणि तमाशा समोरासमोर मांडून विरोध दाखवणं सोपं आहे, दहा नाटकांत ते केलेलं आहे. एकाच लयीच्या पोटात दोन्ही आहेत हे ऐकवणं वेगळं. त्या ब्राह्मणांचा दांभिकपणा सांगायला लेखकाला दोन पानं लागली असती. ढोलकीची एक थाप ते काम करते.

आणखी एक बारीक गोष्ट. गाणारे वेगळे बसलेले नाहीत. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे असे पुढे नावारूपाला आलेले गळे त्या ओळीतच उभे होते. म्हणजे सूर भिंतीतून येतो. मघाशी ज्याने पाठ फिरवून अत्याचाराला आडोसा दिला, तोच या क्षणी सुरेल गातो आहे. आपण त्या गाण्याला मान डोलावतो, आणि मग आपलीच मान कोणासारखी डोलते आहे याची जरा शंका येते.

श्रीराम रानडे यांचा सूत्रधार या सगळ्यांच्या मधून ये-जा करतो. अर्धा कीर्तनकार, अर्धा सोंगाड्या. भूमिका दिसायला सोपी, पण सगळ्या नाटकाची गती त्याच्या हाती आहे. तो रेंगाळला की नाटक रेंगाळलं.

आणि नाना. मोहन आगाशे पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाले, हा योगायोग लोक फार रंगवून सांगतात. मला त्यापेक्षा त्यांचा पाय महत्त्वाचा वाटतो. बावनखणीत नाचता नाचता नानाचा पाय मुरगळतो आणि घाशीराम, कनोजहून आलेला एक परका ब्राह्मण, त्या पायाखाली आपली पाठ देतो. तेवढ्या सेवेवर खूष होऊन नाना गळ्यातला कंठा देऊन टाकतो. दोघांचं पुढचं सगळं नातं या एका चित्रात आहे : वर पाय, खाली पाठ. पंचवीस वर्षांच्या नटाने इथे म्हाताऱ्याची नक्कल केली असती तर प्रवेश बुडाला असता. आगाशे म्हातारपण फक्त हालचालींत ठेवतात. डोळे तरणे, अधाशी, सतत हिशेब करणारे. अंग मागे राहतं आणि नजर पुढे जाते, या अंतरातून त्यांचा नाना उभा राहतो.

कीर्तन संपून माणसं पांगल्यावर नाना एका मुलीला गाठतो तो प्रवेश तर मी मराठी अभिनयाचा धडा म्हणून बघतो. मुलगी समोरच्या गणपतीचा धाक घालते. तो बघतो आहे, म्हणते. नाना ते हसण्यावारी नेतो. प्रेक्षागृहात हशा येतो, यायलाच हवा, कारण आगाशे त्या क्षणी खरोखर मजेदार असतात. लाडिक, लोचट, जवळजवळ निरुपद्रवी. हशा विरेपर्यंत मुलगी निसटलेली असते आणि आपण कशाला हसलो हे जाणवून घशात काहीतरी अडकतं. खलनायक रंगवणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी आपल्याला आधी सामील करून घेतलं. मग ते स्वगत, घाशीरामला कोतवाली दिल्यानंतरचं : पापं आमची, खाती तुझ्या नावावर, हा त्याचा मथितार्थ. आरडून म्हणायचा मोह व्हावा असं लिहिलेलं आहे. आगाशे ते पानाचा विडा चघळावा तसं चघळतात. आत्ताचा लोचट म्हातारा आणि हा मुत्सद्दी एकच आहेत, हे तेव्हा कळतं आणि अंगावर काटा येतो.

रमेश टिळेकरांच्या घाशीरामबद्दल त्या मानाने कमी लिहिलं गेलं, हा अन्याय आहे. कणा हा त्या भूमिकेचा पाया. पहिल्यांदा पाठ वाकलेली, नानाच्या पायाखाली. रमण्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, आणि सूडाची शपथ घेताना ती पाठ पहिल्यांदा ताठ होते. आपली मुलगी गौरी नानाच्या स्वाधीन करून कोतवाली मिळवल्यावर ती इतकी ताठते की मान वळवायलाही जड जावी. आणि शेवटी जमाव त्याला घेरतो तेव्हा तो ताशाच्या कडकडाटात नाचत मरतो. बावनखणीत पोटासाठी नाचणारा माणूस मरणही नाचतच घेतो. हे वर्तुळ कोणी बोलून दाखवत नाही, टिळेकरांच्या शरीराने ते पूर्ण होतं.

दोष नाहीत असं नाही. कोतवालीचा मधला भाग, परवाने, रात्रीच्या गस्ती, तापल्या गोळ्याचं दिव्य, जरा एकापुढे एक ओवल्यासारखा होतो. तिथे संगीत नसतं तर नाटक लंगडलं असतं. मला अधिक खटकते ती गौरी. सगळा सौदा जिच्यावर उभा आहे त्या मुलीच्या तोंडी जवळपास काहीच नाही. ती दिसते, नाहीशी होते, आणि तिच्या मरणाची बातमी येते. पुरुषांच्या भिंतीआड हे असंच घडतं, असा बचाव करता येईल. मीही तो कधी कधी करतो, पण पुरतं समाधान होत नाही.

नानाच्या चित्रणावरून झालेला इतिहासाचा वाद मी इथे उकरत नाही. घाशीरामाचा अंत १७९१ सालचा, त्याच्यावर मोरोबा कान्होबांची कादंबरी १८६३ सालची, आणि तेंडुलकरांनी आपलं नाटक अनैतिहासिक आहे असं स्वच्छ म्हटलं होतं. तरी एकोणीस प्रयोगांनंतर ते संस्थेतच थांबलं. ती मुलं बाहेर पडली, २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अॅकॅडमी काढली आणि १९७४च्या जानेवारीत भिंत पुन्हा उभी केली. १९८० साली विरोधाला तोंड देत ती युरोपात गेली. जिथे मराठीचा एक शब्द कोणाला कळत नव्हता, तिथेही पाठ फिरवणं कळलं.

शेवटचा प्रवेश तेवढा सांगून थांबतो. घाशीराम मेला आहे. नाना येतो, पुण्यावरचं संकट टळल्याचं जाहीर करतो, उत्सवाचा हुकूम देतो. आणि ओळ परत येते. तीच माणसं, तेच डोलणं, तोच सुरुवातीचा उत्साह. एकाच्याही पावलात फरक नाही. मुळगुंदांनी तो फरक पडू दिला नाही, चंदावरकरांनी चाल बदलली नाही, पटेलांनी एकाही चेहऱ्यावर पश्चात्तापाची सावली येऊ दिली नाही.

नाटकाचं पुस्तक मिळत असतं. हाती आलं तर संवाद मागाहून वाचा. आधी फक्त कंसातल्या सूचना वाचत जा आणि ती ओळ किती वेळा वळते ते मोजा.